मोजायचं बायकांनी, ठरवायचं कोणी?

पाणी भरायचं बाईनं, गाळायचं बाईनं, उकळायचं बाईनं. पोरांना जुलाब लागले की रात्र जागवायची तीही बाईनंच. आता या यादीत आणखी एका कामाची भर पडली आहे : पाणी तपासायचं बाईनं. २०१९ साली जल जीवन मिशन सुरू झाले आणि प्रत्येक गावातल्या पाच महिलांना पाणी तपासण्याचे किट वापरायला शिकवायचे असे ठरले. आशा, अंगणवाडी सेविका, बचत गटातल्या बायका यांची नावे यादीत गेली. देशभरात वीस लाखांहून अधिक बायकांचे प्रशिक्षण झाल्याचे सरकार सांगते आणि याला महिला सक्षमीकरण म्हणते.

किट हातात येणे ही चांगलीच गोष्ट आहे. पण परीक्षानळी बाईच्या हातात आणि निर्णय दुसऱ्याच्या टेबलावर, याला सत्ता म्हणत नाहीत. याला वाढीव काम म्हणतात.

आपल्यातल्या काही मैत्रिणी म्हणतील, मग नकोच ही यंत्रे. हा संशय उगाच आलेला नाही. गर्भजलपरीक्षेचे काय झाले ते आपण पाहिले. तिच्याविरुद्ध लढून १९८८ साली देशातला पहिला कायदा आपण महाराष्ट्रात करून घेतला. गर्भनिरोधक इंजेक्शनांविरुद्धही आपण रस्त्यावर आलो. विज्ञान आपल्या दारात येते तेव्हा बहुधा आपल्या शरीरावर ताबा मिळवायला येते, हा आपला अनुभव आहे. पण एक फरक नीट पाहायला हवा. त्या तंत्रांची नजर बाईच्या पोटाकडे होती. पाण्याची बाटली आणि धुराचा सेन्सर यांची नजर विहिरीकडे, टाकीकडे, धुराड्याकडे वळवता येते. आजवर आपल्याला तपासले गेले, आता आपण तपासू शकतो. हे हत्यार 'पुरुषी विज्ञान' म्हणून टाकून देणे परवडणारे नाही.

आणि ते अवघडही नाही. मांजा, मौर्य आणि राव या आपल्याच देशातल्या तीन शास्त्रज्ञांनी १९८२ साली एक साधी पद्धत मांडली. छोट्या बाटलीत औषधी द्रावणात भिजवून वाळवलेला कागद असतो. बाटलीत खुणेपर्यंत पाणी भरायचे आणि उबेत ठेवायचे. पाण्यात विष्ठेतून येणारे जंतू असतील तर त्यांच्यापासून हायड्रोजन सल्फाइड वायू तयार होतो, कागदातल्या लोहाशी त्याचा संयोग होतो आणि पाणी काळे पडते. एक-दोन दिवसांत निकाल हाती. वीज नको, सूक्ष्मदर्शक नको, लिहिता-वाचता येण्याचीही अट नाही. काळे झाले, पिऊ नका! ग्रामपंचायतीत टीसीएल पावडर टाकल्यावर करतात ती क्लोरीनची चाचणीही अशीच रंगाची. नळाच्या शेवटच्या टोकाला लिटरमागे किमान ०.२ मिलिग्रॅम क्लोरीन उरायला हवे. टाकीपाशी ते असते, शेवटच्या वस्तीत नसते. आणि गावात शेवटची वस्ती कोणाची असते, हे वेगळे सांगायला नको.

म्हणूनच कुठे मोजायचे हा प्रश्न आधी येतो. पाणी मोजले पाटलाच्या आळीत आणि आजारी पडली दलित वस्ती, तर तो आकडा खरा असूनही खोटा ठरतो.

बाजाराच्या खेळालाही आपण बळी पडता कामा नये. पेनासारखे टीडीएस मीटर आता सर्वत्र मिळते. ते पाण्यात विरघळलेल्या क्षारांचा अंदाज देते, बस्स. जंतू आहेत का, नायट्रेट किती, फ्लोराइड किती, यातले काहीच ते सांगत नाही. यवतमाळ, चंद्रपूर, नांदेड या जिल्ह्यांत फ्लोराइडने दात आणि हाडे खराब झालेली माणसे आहेत. पिण्याच्या पाण्यात ते लिटरला १ मिलिग्रॅमपर्यंत असावे, दुसरा स्रोतच नसेल तर फार तर १.५. मीटर छान आकडा दाखवील आणि पोरांचे दात पिवळेच राहतील. फिल्टर विकणारे तर पाण्यात दोन सळ्या बुडवून वीज सोडतात, पाणी तपकिरी होते आणि बाई घाबरते. तो रंग बहुतेक त्या सळईतल्या लोखंडाचाच असतो. साधन काय मोजते आणि काय मोजत नाही हे कळणे, हेच खरे प्रशिक्षण. काळ्या बाटलीलाही मर्यादा आहेत. जमिनीतल्या पाण्यात मुळातच सल्फाइड असेल तर ती उगीच काळी होते, थंडीत उशिरा होते. म्हणून एका बाटलीवर थांबायचे नाही, पुन्हा तपासायचे.

आता हवा. १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला कर्क स्मिथ आणि त्यांच्या भारतीय सहकाऱ्यांनी गुजरातच्या काही खेड्यांत चुलीपुढे बसलेल्या बायकांच्या अंगावरच मोजणीयंत्र लावले. स्वयंपाकाच्या वेळी श्वासात जाणारे कण घनमीटरला सरासरी सात मिलिग्रॅमच्या आसपास निघाले. बायका शेकडो वर्षे डोळे चोळत सांगत होत्या ते शास्त्राला तेव्हा दिसले! आज धुळीचे कण लेझरच्या उजेडात मोजणारा सेन्सर काही हजार रुपयांत जोडता येतो. पावसाळी दमट हवेत तो आकडा फुगवतो, म्हणून आधी काही दिवस सरकारी केंद्राच्या यंत्राशेजारी ठेवून पडताळावा लागतो. पण सरकारी केंद्रे बहुतेक शहरांत. वीटभट्टीवर, खदानीत, कोळशाच्या सायडिंगशेजारी राहणाऱ्या बाईच्या श्वासाची नोंद कोण ठेवते?

मोजल्याने न्याय मिळतो का? नुसत्या मोजल्याने नाही. अमेरिकेत लुइझियाना राज्यात नॉर्को नावाचे गाव आहे. तिथली डायमंड ही कृष्णवर्णीयांची वस्ती शेल कंपनीचा रसायन कारखाना आणि तेलशुद्धीकरण कारखाना यांच्या मधोमध अडकलेली होती. मार्गी रिचर्ड या शिक्षिकेच्या पुढाकाराने लोकांनी प्लॅस्टिकच्या बादलीत खास पिशवी बसवून हवेचे नमुने घेतले आणि प्रयोगशाळेत पाठवले. २००२ साली कंपनीला वस्तीच्या स्थलांतराचा खर्च मान्य करावा लागला. तीच बादली तामिळनाडूत कडलूरच्या सिपकॉट रसायन वसाहतीत आली. २००४ च्या सुमारास तिथल्या गावकऱ्यांनी कोणत्या वेळी, कोणत्या वाऱ्याला, कसला वास येतो याच्या नोंदी ठेवल्या आणि नमुने घेतले. त्या वेळी आपल्या देशाच्या हवेच्या मानकांत बेंझिनसुद्धा नव्हते, ते आले २००९ साली. या दोन्ही ठिकाणी बादलीमागे वर्षानुवर्षांची संघटना होती. एकट्या बादलीने कोणाचेच भले झाले नसते.

कारण कायदा आपल्या बाजूने उभा नाही. १९८६ च्या पर्यावरण संरक्षण कायद्यातले ११ वे कलम वाचा. नमुना घ्यायचा तो अधिकार दिलेल्या अधिकाऱ्याने, कारखानदाराला तिथल्या तिथे नोटीस देऊन, बाटली सीलबंद करून, सह्या घेऊन. तसे झाले नाही तर तो निकाल कोर्टात पुरावा ठरत नाही. बाईच्या बाटलीला या कलमात जागाच नाही. एका गावात काळी बाटली घेऊन गेलेल्या बायकांना मी उत्तर मिळताना ऐकले आहे, "ताई, हे ठेवा तुमच्याजवळ, लॅबचा कागद आणा." म्हणजे तपासायला तुम्ही लायक आणि बोलायला नालायक!

तेव्हा मैत्रिणींनो, किट घेऊया, पण आपल्या अटींवर.

एक, नमुना कोणत्या विहिरीचा, कोणत्या नळाचा घ्यायचा हे महिला ग्रामसभेत ठरेल. शेवटची वस्ती पहिली.

दोन, निकाल वाईट आला तर किती तासांत टाकी साफ होईल, दुसरे पाणी कोठून येईल आणि जबाबदार कोण, हे ग्रामपंचायतीच्या फळ्यावर आधीच लिहिलेले असेल.

तीन, प्रयोगशाळेतली फेरतपासणी पंचायतीच्या खर्चाने होईल. बायकांनी बाटल्या घेऊन तालुक्याला एसटीने जायचे नाही.

चार, तपासणी हे काम आहे, कामाला ठरलेले मानधन हवे. 'सेवा' हा शब्द आता पुरे झाला.

पाच, निकाल पोर्टलवर जाऊ द्या, पण मूळ नोंदवही गटाकडे राहील. तारीख, वेळ, जागा, वाऱ्याची दिशा, वास, त्या आठवड्यात आजारी पडलेल्यांची संख्या, सगळे त्यात लिहायचे.

ही वही कोर्टात थेट पुरावा ठरली नाही तरी तिच्या जोरावर मंडळाला नमुना घ्यायला भाग पाडता येते. २००५ च्या माहिती अधिकारात त्यांचे आकडे मागवून आपल्या आकड्यांशेजारी ठेवता येतात. १९८६ च्या कायद्याच्या १९ व्या कलमाखाली ६० दिवसांची नोटीस देऊन नागरिकाला स्वतः तक्रार करता येते. हे अधिकार कागदावर आहेत. ते वापरायला गट लागतो, एकटी बाई नव्हे.

पाण्याची चव बदलली, धुराचा वास बदलला, हे घरात सर्वांत आधी बाईला कळते. तिच्या जिभेवर आणि नाकावर कोणी विश्वास ठेवला नाही, म्हणून बाटली आणि सेन्सर घ्यावे लागतात. उद्या त्या बाटलीवरही विश्वास ठेवणार नसाल, तर ती काळी बाटली आम्ही ग्रामसभेत तुमच्यापुढे ठेवू आणि सांगू, घ्या, प्या!