माथेरानची गाडीबंदी राहावी, पण तिचं ओझं माणसाच्या पाठीवर नको

मे महिन्यात अम्मीला घेऊन माथेरानला फुफीकडे गेलो होतो. तिच्या नातवाचा अकीका होता. आमचं घर खाली नेरळला, पण अब्बांची सगळी कमाई वरची. त्यांचे दोन परवानाधारक घोडे आहेत. त्या घोड्यांच्या पैशांवर माझं इंजिनिअरिंग झालं आणि आज मी पुण्यात सॉफ्टवेअर कंपनीत नोकरी करतो. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढचं वाचताना माझा स्वार्थ कुठे आहे हे तुम्हाला कळेल.

दस्तुरी नाक्यावर टॅक्सीतून उतरलो तेव्हा अमन लॉजहून सुटणारी शटल नुकतीच गेली होती. ई-रिक्षाच्या रांगेत चाळीस-पन्नास माणसं. अम्मीचे गुडघे गेलेत. घोडेवाल्याची बायको असूनही तिला घोड्यावर बसायला डॉक्टरांनी मनाई केली आहे. समोर एक हातरिक्षा उभी होती. ती ओढणारे काका आमच्या ओळखीचे, साठीकडे झुकलेले. मागून ढकलायला दोन पोरं.

अम्मी मला बाजूला घेऊन म्हणाली, "ज्यांच्या घरी मी ईदला शीरखुर्मा पाठवते, त्यांनी मला ओढत न्यायचं?" काकांना ते ऐकू गेलं. ते म्हणाले, "भाभी, तुम्ही नाही बसलात तर आजचा दिवस कोरडाच जायचा. बसा हो."

अम्मी बसली नाही. आम्ही आमच्या बॅगा रिक्षात ठेवल्या, ठरलेलं भाडं दिलं आणि सगळेच चालत निघालो. काका बॅगा ओढतायत, अम्मी माझा हात धरून थांबत थांबत चालतेय. बाजारात पोहोचायला जवळपास दोन तास लागले. त्या दोन तासांत मला माथेरानचा सगळा वाद एकाच रस्त्यावर दिसला.

ज्यांना हा वाद माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. माथेरानला मोटारगाडी चालत नाही. तुमची गाडी दस्तुरीच्या वाहनतळावर राहते. तिथून बाजारपेठ अडीच-तीन किलोमीटर, आणि पुढे पॉइंट पसरलेले. २००३ मध्ये केंद्र सरकारने हा परिसर पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्र म्हणून जाहीर केला. वर आलेला माणूस चालतो, घोड्यावर बसतो नाहीतर शटलने जातो; हातरिक्षातही बसायचा. हातरिक्षांचे परवाने ९४ होते. सुप्रीम कोर्टाच्या परवानगीने डिसेंबर २०२२ मध्ये सात ई-रिक्षा प्रायोगिक म्हणून आल्या. पुढे कोर्टाने सांगितलं की ई-रिक्षा हातरिक्षा ओढणाऱ्यांनाच द्याव्यात आणि तूर्त त्यांची संख्या वीसवर ठेवावी. त्या नेमक्या कुणाच्या हाती गेल्या यावरूनही तक्रारी झाल्या. आणि ऑगस्ट २०२५ मध्ये सुप्रीम कोर्टाने हातरिक्षा ही प्रथाच अमानवी ठरवून ती सहा महिन्यांत बंद करायला सांगितलं. खरे हातरिक्षाचालक कोण ते सनियंत्रण समितीने ठरवायचं. गुजरातमध्ये केवडियाला स्थानिक आदिवासी महिला भाड्याच्या ई-रिक्षा चालवतात, तशी योजना इथे करावी आणि पैसा नाही ही सबब सांगू नये, असंही कोर्टाने राज्य सरकारला बजावलं आहे.

निकाल आल्यापासून आमच्या घरी आणि आमच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर दोनच सूर ऐकू येतात. एक म्हणतो, "आता ई-रिक्षा येणार, घोडेवाले संपले." दुसरा म्हणतो, "एकदाच्या गाड्याच सोडा वर, सगळ्यांची कटकट मिटेल." मला हे दोन्ही सूर चुकीचे वाटतात.

आधी गाड्या सोडण्याबद्दल. गाडीबंदी आहे म्हणूनच माथेरान उरलं आहे. ज्या दिवशी बाजारापर्यंत डांबरी रस्ता आणि मोटार येईल, त्या दिवशी शनिवार-रविवारी तिथे लोणावळ्यासारखी रांग लागेल. मग तुम्ही दस्तुरीवर उतरणारच नाही. ना हमालाला काम, ना घोड्याला, ना रस्त्याकडेच्या चहावाल्याला. बंदीमुळे आमची पोटं भरतात. म्हणून बंदीचा पहिला समर्थक घोडेवाला असायला हवा, आणि तो आहेही.

पण बंदी म्हणजे अर्धीच व्यवस्था. "इथे गाडी आणू नका" हे सांगणं सोपं आहे. त्यानंतर लगेच प्रश्न येतो, मग जायचं कसं? पायांनी धड असलेल्या, चालायची हौस असलेल्या पर्यटकाला हा प्रश्न पडत नाही. तो माझ्या अम्मीला पडतो, रोज शाळेत जाणाऱ्या पोरांना पडतो, खालून गॅसचं सिलिंडर मागवणाऱ्या बाईला पडतो. रुग्णवाहिकेला सूट आहे, पण म्हातारपण हा काही रुग्णवाहिका बोलवावी असा आजार नाही. इतकी वर्षं या प्रश्नाचं उत्तर सरकारने दिलंच नाही. ते तीन माणसांच्या खांद्यावर टाकून दिलं आणि वर त्याला माथेरानची खासियत म्हटलं. पर्यटक हातरिक्षात बसून फोटो काढत राहिले.

माथेरानला सार्वजनिक वाहतुकीचं खरं उत्तर एकदा मिळालं होतं, तेही एका मुसलमान व्यापाऱ्याच्या खिशातून. मुंबईचे सर आदमजी पीरभॉय यांनी सुमारे सोळा लाख रुपये घातले आणि त्यांचे पुत्र अब्दुल हुसेन यांनी दोन फूट रुंदीच्या रुळांची गाडी डोंगरावर चढवली. १९०७ मध्ये नेरळ-माथेरान मिनीट्रेन सुरू झाली. आपल्याकडे अशी नावं अभिमानाने सांगितली जातात आणि विषय तिथेच संपतो. मला त्यांच्या कामातली एक गोष्ट महत्त्वाची वाटते. स्वतःच्या बंगल्यापर्यंत बग्गीचा रस्ता करून घेणं त्यांना सहज परवडलं असतं. त्यांनी तिकीट काढून कुणालाही बसता येईल अशी गाडी केली. आता ती गाडी पावसाळ्यात नेरळपासून वर येत नाही. २००५ च्या पुराने मार्ग उखडला तेव्हा ती दोन वर्षं बंद होती. २०१९ मध्ये पुन्हा मार्ग वाहून गेला आणि नेरळपासूनची गाडी थेट ऑक्टोबर २०२२ मध्ये सुरू झाली. अमन लॉज ते माथेरान ही छोटी शटल तेवढी आधार देते. म्हणून या वादात माझी पहिली मागणी ई-रिक्षाची नाहीच. शटलच्या फेऱ्या वाढवा, डबे वाढवा. रूळ आहेत, स्टेशन आहे, त्यासाठी एकही झाड तोडावं लागत नाही.

आता ई-रिक्षा. अब्बांचा तिला विरोध आहे. त्यांचे तीन मुद्दे आहेत आणि ते तिन्ही मी गंभीरपणे घेतो.

पहिला, आज वीस म्हणून सुरू होतील, उद्या दोनशे होतील, परवा हॉटेलवाले स्वतःच्या आणतील. ही भीती खरी आहे. दुसरा, ई-रिक्षासाठी पेव्हर ब्लॉक टाकले की घोड्याचा पाय घसरतो. हेही खरं आहे. लाल मातीवर नाल रुततो, गुळगुळीत ब्लॉकवर पावसात सटकतो. कोर्टाने दस्तुरी नाका ते शिवाजी महाराजांचा पुतळा एवढ्याच मुख्य रस्त्यावर ब्लॉकला परवानगी दिली आहे. आतल्या रस्त्यांना आणि पायवाटांना दिलेली नाही. तिसरा मुद्दा धंद्याचा. दस्तुरी ते बाजार ही घोड्याची दिवसातली पहिली फेरी, तीच गेली तर बोहनी कशाची?

या तिसऱ्या मुद्द्यावर मी अब्बांना कागदावर हिशोब करून दाखवला. धरून चालू की वीस ई-रिक्षा आहेत, एका रिक्षात चार माणसं, जाऊन-येऊन भरण्यासकट एक तास. म्हणजे तासाला वर जाणार ऐंशी माणसं. दिवसाचे दहा तास धरले तर आठशे, तेही एकही रिक्षा चार्जिंगला उभी नसेल तर. सुट्टीच्या दिवशी दस्तुरीवर माणसं हजारांनी येतात. बाकीचे येणार कसे? चालत, शटलने आणि घोड्यावरच. अब्बांनी कागद उलटून पाहिला आणि म्हणाले, "सोमवार ते गुरुवारचा हिशोब कर." बरोबर पकडलं त्यांनी मला. आडदिवसाला गिऱ्हाईक मोजकं असतं आणि तेव्हा ई-रिक्षा आमची पहिली फेरी नक्की खाईल. ते मी कबूल करतो.

तरीही मी ई-रिक्षाच्या बाजूने आहे. आमचं नुकसान टळावं म्हणून काकांनी सत्तरीपर्यंत माणसं ओढत राहावीत असं मी कुठल्या तोंडाने म्हणू? रस्त्यातला दगड-काटा बाजूला करणं हीसुद्धा नेकी आहे, हे आपण सगळेच मकतबमध्ये शिकलो. माणसाच्या खांद्यावरचा जू काढणं त्याहून लहान गोष्ट नाही. घोड्याचा खरा धंदा पॉइंट फिरवण्याचा आहे. इको पॉइंट, शार्लोट लेक, पॅनोरमा पॉइंट, तिथे ई-रिक्षा जाऊ नये आणि घोड्यानेच जावं, अशी स्पष्ट सीमा आखून मागितली तर आपली रोजी टिकते. "ई-रिक्षा नकोच" असं म्हणत राहिलो तर सीमा आखताना आपल्याला कुणी बोलावणारही नाही.

आपल्या घरातलंही थोडं बोलायला हवं. मार्च २०२५ मध्ये पर्यटकांची दिशाभूल होते म्हणून लोकांनी माथेरान बंद ठेवलं. दस्तुरीवर उतरलेल्या माणसाला "शटल बंद आहे, चालायला दोन तास लागतात" असं सांगून घोड्यावर बसवणारे आपल्यात आहेत. सगळे तसे नाहीत, अब्बा तसे नाहीत, पण आहेत. हे आपण मान्य केलं नाही तर दुसरं कुणी घोडेवाल्याचं नाव आणि मजहब पुढे करून ते सांगेल. त्या सुरातल्या पोस्ट मी पाहिल्या आहेत. आणि आपल्या ग्रुपवर "हे सगळं आपल्याच लोकांविरुद्ध चाललंय" असं लिहिणारेही पाहिले आहेत. घोडेवाल्यांत मुसलमान आहेत, धनगर आहेत, इतरही आहेत. हा मामला रोजीरोटीचा आणि रस्त्याचा आहे, तो तसाच मांडला पाहिजे.

मग मागायचं काय? माझ्या मते एवढं पुरे आहे.

एक, ई-रिक्षाचा परवाना प्रत्यक्ष हातरिक्षा ओढणाऱ्याला आधी मिळावा, त्याच्या नावावर राहावा आणि विकता किंवा भाड्याने देता येऊ नये. वयामुळे ज्याला चालवणं जमणार नाही, त्याच्या घरातल्या कुणाला तरी तो मिळावा, मुलीला किंवा सुनेलाही.

दोन, संख्या आणि मार्ग लेखी ठरावेत. हॉटेलची खासगी ई-रिक्षा नको, पॉइंटच्या वाटांवर ई-रिक्षा नको.

तीन, मुख्य रस्त्यावर ब्लॉकच्या कडेने घोड्यांसाठी मातीचा पट्टा सोडावा.

चार, दस्तुरीवर एकच खिडकी असावी. शटल, ई-रिक्षा, घोडा, हमाल, सगळ्यांचे दर तिथे मराठी, हिंदी आणि इंग्रजीत लावावेत आणि टोकन तिथूनच मिळावं. मी सॉफ्टवेअरवाला आहे, त्यामुळे लोक मला विचारतात, "ॲप बनव ना!" ॲप नको. फळा आणि टोकनचं पुस्तक पुरेल. दिशाभूल थांबेल आणि सरळ धंदा करणाऱ्यालाही त्याचा नंबर मिळेल.

पाच, आडदिवसाच्या फेऱ्यांचा हिशोब नगरपरिषदेने दर महिन्याला जाहीर करावा. कुणाचं किती बुडालं हे आकड्यांत दिसलं, तर घोडेवाल्यांसाठी चारा आणि घोड्यांच्या औषधपाण्याची मदत मागताना आपल्या हातात काहीतरी असेल.

तुमच्यापैकी बहुतेक जण माथेरानचे नाहीत. पण तुमच्या शहरातही कुठे तरी रस्ता एकमार्गी होतोय, कुठे चारचाकीला बंदी होतेय, कुठे मोहल्ल्यात बस वळतच नाही. दर वेळी आपण दोनच गोष्टी करतो, मोर्चा तरी काढतो नाहीतर घरी बसून कुढतो. हरकतींची मुदत असते, समितीची बैठक असते, तिथे लेखी निवेदन घेऊन जाणारा आपल्यातला एखादाच असतो. शिकलेल्या पोरांनी हे काम अंगावर घ्यावं. इंजिनिअरिंगमध्ये आणखी काही नाही तरी हिशोब मांडायला शिकवतातच.

मी अब्बांबरोबर बसून सनियंत्रण समितीसाठी आमचं निवेदन लिहितोय. पहिल्या चार मागण्यांवर त्यांनी सही करायचं मान्य केलं आहे. पहिलं वाक्य "आमचा ई-रिक्षाला विरोध नाही" असं असावं, हा माझा हट्ट. ते वाक्य त्यांनी दोनदा खोडलं आहे. काल रात्री फोन आला, "राहू दे ते वाक्य. पण त्याच्या खाली लगेच मातीच्या पट्ट्याचं लिही."