मोजदादीतून सुटलेली माणसे

परभणी जिल्ह्यातील उखळद या गावी २७ मे २०२३ रोजी जमावाने तिघा शीख मुलांस बकऱ्या चोरावयास आल्याच्या संशयावरून बेदम मारले. त्यांतील एक अवघा चौदा वर्षांचा होता. तो प्राणास मुकला आणि इतर दोघे जखमी झाले. पोलिसांनी धरपकड केली, अमृतसरच्या शिरोमणी गुरुद्वारा प्रबंधक कमिटीने निषेध नोंदविला, वर्तमानपत्रांनी काही दिवस त्या बातमीस जागा दिली, आणि मग नेहमीप्रमाणे दुसऱ्या बातम्या आल्या.

या विषयाकडे आम्ही आज पुन्हा वळलो ते आष्टीहून आलेल्या एका पत्रामुळे. ही बीडकडील आष्टी नव्हे; जालना जिल्ह्याच्या परतूर तालुक्यातील. १ मे १९८१ रोजी जालना जिल्हा अस्तित्वात येईपर्यंत परतूर तालुका परभणीतच मोडत असे, तेव्हा उखळद ही आष्टीकरांस काही परमुलखाची गोष्ट नव्हे. पत्र लिहिणाऱ्या भगिनी एका मोठ्या एकत्र कुटुंबातील सून आहेत. त्यांच्या घरी विळ्या-अडकित्त्यांस धार लावावयास, तवे-झारे विकावयास एक वृद्ध शिकलगार सरदारजी वर्षानुवर्षे येत असत. ‘पगडीवाल्या चोरांची टोळी फिरत आहे, सावध राहा’ असा मजकूर धाकट्या दिरांच्या भ्रमणध्वनीवर आला. तो घरातील सर्वांनी वाचला, आणि पुढल्या खेपेस मामंजींनी त्या वृद्धास अंगणाच्या फाटकातूनच परत लाविले. बाई विचारतात : आम्ही कोणास मारले नाही, शिवी दिली नाही, मग मनास रुखरुख का लागावी?

रुखरुख लागली हे उत्तम झाले. परंतु आधी मामंजींचीही बाजू पाहू. बकरी ही गरिबाची अडीअडचणीची पुंजी असते. ती चोरीस गेली म्हणजे घरात आकांत होतो. चोरांस भिणे हा गुन्हा नव्हे, गावाने रात्री गस्त घालणेही नव्हे. शिवाय उखळदचा जमाव शीख धर्माच्या द्वेषाने पेटला होता असे म्हणावयास आमच्यापाशी पुरावा नाही. प्रश्न निराळाच आहे. रात्री रस्त्यावर दिसलेल्या कोणत्या माणसास गाव थांबवून नाव-गाव विचारते, आणि कोणास न विचारताच काठी उचलते? १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातील राईनपाडा येथे मुले पळविणारे समजून पाच जणांस ठार करण्यात आले. ते मंगळवेढ्याकडील नाथपंथी डवरी गोसावी होते, भिक्षेस निघालेले. ज्याच्या ओळखीचे कोणी गावात नाही आणि ज्याचा वेश आपल्याहून वेगळा आहे, त्याच्यावरच संशय आधी जातो. द्वेष म्हणतात तो पुष्कळदा असाच, स्वतःचे नाव न सांगता वावरत असतो.

आणि शीख मराठवाड्यास परके कसे? गुरू गोविंदसिंगांनी १७०८ साली देह ठेविला तो नांदेडास. हिंगोलीकडील नरसीस ज्यांचे जन्मस्थान मानितात त्या आमच्या नामदेवांची एकसष्ट पदे त्यांच्या पवित्र ग्रंथात आहेत. शिकलगार हा शब्द तर मराठीत इतका जुना की तो धर्माचा नसून हत्यारांस पाणी देणाऱ्या धंद्याचा आहे, हेही आम्ही विसरलो. असो.

शीख समाजाने अशा प्रसंगी काय केले, हे पाहण्याजोगे आहे. ११ सप्टेंबर २००१ च्या हल्ल्यानंतर चारच दिवसांनी अमेरिकेत अ‍ॅरिझोना संस्थानातील मेसा गावी एका शीख गृहस्थास त्याच्याच पेट्रोलपंपावर गोळी घालण्यात आली; मारणाऱ्याने पगडी पाहिली आणि त्यास अरब ठरविले. त्याच वर्षी तेथील तरुण शिखांनी ‘सिख कोअ‍ॅलिशन’ ही संस्था उभारली. वकील मिळवून देणे, शाळेत पगडीवरून छळल्या जाणाऱ्या मुलांचा कैवार घेणे, नोकरीत केस-दाढीवरून झालेला अन्याय न्यायासनापुढे नेणे, अशी तिची कामे. यांत एक मागणी वरवर अगदी रुक्ष होती. द्वेषमूलक गुन्ह्यांची नोंद ठेवणाऱ्या तेथील सरकारी तक्त्यात शिखांसाठी वेगळा रकानाच नव्हता, तो असावा.

५ ऑगस्ट २०१२ रोजी विस्कॉन्सिनमधील ओक क्रीक येथील गुरुद्वारात एका गोऱ्या वंशद्वेष्ट्याने सहा जणांस ठार केले. मृतांपैकी एका मातेचा अठरा वर्षांचा मुलगा पुढल्याच महिन्यात तेथील वरिष्ठ सभागृहाच्या समितीपुढे साक्षीस उभा राहिला. त्याने सूड मागितला नाही. आपल्या आईस निदान आकड्यात तरी स्थान मिळावे, हे मागणे त्याने मांडले. कारण त्या दिवसापर्यंत सरकारी कागदावर तिला ज्यात लिहावे असा रकानाच नव्हता. पोरक्या मुलाने आईसाठी मागावे तरी काय, तर तक्त्यातली एक जागा! २०१५ पासून तो रकाना सुरू झाला. ज्या गुरुद्वारात हे घडले तेथे दाराच्या चौकटीतील गोळीचे एक छिद्र मुद्दाम तसेच राखिले आहे. लंगर मात्र पूर्ववत् चालू आहे.

आमच्याकडे या मोजणीची स्थिती काय? १७ जुलै २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तेहसीन पूनावाला यांच्या अर्जावर निकाल देताना झुंडबळीविषयी सविस्तर आज्ञा दिल्या : प्रत्येक जिल्ह्यात पोलीस अधीक्षकाहून खालच्या हुद्द्याचा नसलेला एक जबाबदार अधिकारी नेमावा, खटले जलद चालवून शक्यतो सहा महिन्यांत निकालात काढावे, पीडितांस भरपाई द्यावी. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाने २०१७ मध्ये अशा गुन्ह्यांची माहिती गोळा करण्यास आरंभ केला होता. ती भरवशाची नाही असे सांगून ते काम पुढे सोडण्यात आले. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम १०३ च्या दुसऱ्या पोटकलमाने पाच अथवा अधिक माणसांनी मिळून वंश, जात, समाज, भाषा, जन्मस्थान अशा कारणावरून केलेल्या खुनास फाशी किंवा जन्मठेप सांगितली आहे. उखळदची घटना त्याच्या आधीची, म्हणून ते कलम तिला लागत नाही. लागले असते तरी ‘समाजामुळे मारिले की चोरीच्या संशयाने’ हा वाद उरलाच असता. आणि संशय कोणाचा घ्यावा हे समाज पाहूनच ठरत असेल, तर या दोहोंची फारकत कशी करावी हे आम्हांस तरी उमजत नाही.

आता आष्टीच्या भगिनींस. आपल्या दिरांस एवढेच विचारावे की, तो मजकूर कोणाकडून आला आणि त्यात कोणत्या ठाण्याचा, कोणत्या तारखेचा उल्लेख होता. बहुधा दोन्ही नसतील. मामंजींशी वाद घालण्याचे कारण नाही. घरच्या बोथट विळ्या त्यांच्यापुढे ठेवून, धार लावावयास आता कोणास बोलवावयाचे, असे विचारले तर वडीलधाऱ्यांस सुचवावयाचे ते सुचते. गस्तीवर जाणाऱ्या पुतण्यांस मात्र कोणी तरी स्पष्ट सांगावे की, अनोळखी माणूस दिसल्यास ११२ या क्रमांकावर कळवावे, आणि पोलीस येईपर्यंत त्याच्या अंगाला कोणाचा हात लागू देऊ नये. न्यायालयाने नेमावयास सांगितलेला आपल्या जिल्ह्यातील अधिकारी कोण, याची चौकशी आपण परतूरच्या ठाण्यात करावी आणि उत्तर मिळेल ते आम्हांस कळवावे. पुढील अंकात छापू.