मोरपंखी रंग : कंपनी निराळी, छटा तीच?

दसरा-दिवाळी जवळ आली की घराघरांत रंगकामाचा विषय निघतो. ना पुरता निळा, ना पुरता हिरवा असा गडद मोरपंखी रंग दिवाणखान्याच्या एका भिंतीसाठी किंवा दारा-खिडक्यांसाठी हल्ली आवडीने निवडला जातो. अडचण उद्भवते ती डागडुजीच्या वेळी. पूर्वीचा रंग एका कंपनीचा असतो आणि वाशिम, रिसोड वा मंगरूळपीरच्या जवळच्या दुकानात मिळतो दुसऱ्याच कंपनीचा. मग तीच छटा मिळवायची कशी? या प्रश्नाला जोडूनच आरोग्याचा एक प्रश्न येतो. तो बहुधा कोणी विचारत नाही, म्हणून येथे दोहोंचा विचार एकत्र करू.

प्रथम छटेविषयी. एशियन पेंट्स, बर्जर, नेरोलॅक, ड्युलक्स या प्रत्येक कंपनीची छटांची नावे व क्रमांक स्वतंत्र आहेत. नाव सारखे असले म्हणून रंग सारखा असतोच असे नाही. रंग मिसळणाऱ्या यंत्रात प्रत्येक कंपनीचा मूळ रंग आणि त्यात पडणारी रंगद्रव्ये वेगळी असतात, त्यामुळे एकीचे प्रमाण दुसरीच्या यंत्रावर चालत नाही. सरळ उपाय असा की, जुन्या कंपनीच्या छटापत्रिकेचा तुकडा किंवा रंगवलेली एखादी सुटी फळी दुकानात न्यावी. ज्या दुकानात रंग मोजण्याचे उपकरण आहे, तेथे त्यावरून जवळची छटा काढून मिळते.

एवढ्याने मात्र काम संपत नाही. दुकानातील पांढऱ्या दिव्याखाली हुबेहूब जुळलेल्या दोन छटा घरातील पिवळसर दिव्याखाली वेगळ्या दिसू शकतात. एक निळीकडे झुकते, दुसरी हिरवीकडे. रंगद्रव्यांचे मिश्रण निराळे असल्यामुळे असे घडते आणि मोरपंखीसारख्या मिश्र रंगात ते अधिक जाणवते. म्हणून आधी लहान डबा घेऊन पुठ्ठ्यावर दोन हात द्यावेत, एक दिवस वाळू द्यावे आणि तो पुठ्ठा भिंतीला लावून सकाळी, दुपारी व दिवे लागल्यावर पाहावा. चकाकीही तीच हवी, कारण एकच छटा चकचकीत रंगात गडद आणि निस्तेज रंगात फिकट भासते. इतके करूनही मधल्या ठिगळाचा फरक डोळ्यांना जाणवतोच. तेव्हा कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत पूर्ण भिंत रंगवणे श्रेयस्कर.

आता आरोग्याविषयी. आजचे मोरपंखी रंग प्रामुख्याने थॅलोसायनिन जातीच्या निळ्या-हिरव्या रंगद्रव्यांपासून तयार होतात. जुन्या काळच्या तैलरंगांतील हिरव्या छटा मात्र अनेकदा प्रशियन निळा व क्रोम पिवळा यांच्या मिश्रणातून येत, आणि क्रोम पिवळा म्हणजे शिशाचे संयुग. भारतात घरगुती व सजावटीच्या रंगांतील शिशावर दशलक्ष भागांत ९० भाग ही मर्यादा १ नोव्हेंबर २०१७ पासून बंधनकारक झाली. त्यापूर्वी रंगवलेल्या दारांत, विशेषतः कारंज्यासारख्या जुन्या गावांतील वाड्यांच्या लाकडी चौकटींवर साचलेल्या थरांत, शिसे असू शकते असे धरूनच चालावे.

असा रंग भिंतीवर अखंड असताना फारसा अपाय करीत नाही. अपाय होतो तो कोरडा घासताना उडणाऱ्या धुळीने. ती धूळ जमिनीवर, खेळण्यांवर आणि तेथून रांगत्या बाळाच्या तोंडात जाते. शरीर शिशाला कॅल्शियमसारखे स्वीकारून हाडांत साठवते. लहान मुलांच्या मेंदूच्या वाढीवर त्याचा परिणाम होतो, तर गर्भवतीच्या रक्तातून ते गर्भापर्यंत पोहोचते. शिशाची कोणतीही मात्रा सुरक्षित असल्याचे ज्ञात नाही, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. आहारात लोह व कॅल्शियम पुरेसे असल्यास शिशाचे शोषण कमी होते, पण तो धुळीवरचा पर्याय नव्हे.

तेव्हा रंगकाम करताना एवढे पाळावे :

• जुना तैलरंग कोरडा घासू नये, जाळून काढू नये. पृष्ठभाग ओला करून पाणकागदाने हलकेच घासावा.

• खाली प्लास्टिक अंथरावे. काम संपल्यावर झाडू न मारता ओल्या फडक्याने पुसावे.

• घासणे-पुसणे पूर्ण होईपर्यंत मुले व गर्भवती यांना त्या खोलीपासून, शक्य तर घरापासून दूर ठेवावे.

• डब्यावर शिशाच्या मर्यादेचा उल्लेख पाहूनच खरेदी करावी. ट्रॅक्टर वा अवजारांसाठी आणलेला उरलेला रंग छटा जुळते म्हणून दाराला लावू नये. वरील नियम घरगुती रंगांपुरता आहे.

• गडद छटेत रंगद्रव्य अधिक पडते व हातही जास्त द्यावे लागतात. म्हणून कमी वासाचा, पाण्यात मिसळणारा रंग निवडावा आणि काही दिवस खिडक्या उघड्या ठेवूनच खोलीत झोपावे.

• पश्चिमेच्या बाहेरील भिंतीला हा रंग टाळावा. ४० अंशांपलीकडे जाणाऱ्या आपल्या उन्हाळ्यात गडद भिंत उष्णता शोषून घेते.

जुने दार घासले गेले असेल व घरात लहान मूल असेल, तर बालरोगतज्ज्ञांना तसे सांगून रक्तातील शिशाच्या तपासणीविषयी विचारावे. छटेत उन्नीस-बीस झाले तर महिन्याभरात डोळ्यांना त्याची सवय होते. शिशाची सवय मात्र शरीराला कधीच होत नाही.