सहाव्या वर्षी मिस्त्री कुठून आणाल?



सौर पंप, गोबर गॅस, सुधारित चूल ही नावे आता आपल्याला नवी राहिलेली नाहीत. कोणते यंत्र घ्यावे, अनुदान किती, अर्ज कुठे करावा, हे आपण मला नेहमी विचारता. मात्र ते बिघडले तर दुरुस्त कोण करणार, हा प्रश्न फारसे कोणी विचारत नाही. आज त्याच प्रश्नावर बोलू. त्यासाठी आधी माझीच एक चूक सांगतो.

नोकरीला लागून मला दोनच वर्षे झाली होती. १९९५ च्या सुमारास भिवंडी तालुक्यातल्या एका भातकऱ्यांच्या गावात गोबर गॅसचे काम माझ्याकडे होते. वर्षाचा आकडा ठरलेला, तो मार्चपूर्वी गाठायचा. गोठ्यात चार-पाच गुरे असलेल्या एका आजींच्या परसात आम्ही दोन घनमीटरचे संयंत्र बांधले. गवंडी लांबच्या तालुक्यातून आणला होता. शेगडी पेटली, निळी ज्योत दिसली आणि आजींनी त्या ज्योतीला हात जोडले. मी वहीत ‘पूर्ण’ असे लिहिले आणि पुढच्या गावाला गेलो.

दोन वर्षांनी त्या घरी गेलो, तर आजी पुन्हा चुलीपुढे फुंकणी घेऊन बसलेल्या! शेगडी स्वच्छ पुसून, फडक्यात बांधून फळीवर ठेवली होती. पावसाळ्यात नळीत पाणी साठले आणि गॅस येईनासा झाला, एवढेच घडले होते. ते पाणी काढणे दहा मिनिटांचे काम. पण ते घरात कोणाला शिकवलेच नव्हते. गॅस नाही म्हणून शेण घालणे थांबले आणि आतला शेणकाला सुकून घट्ट झाला.

“भाऊसाहेब, तुमचा मिस्त्री काय आलाच नाय,” आजी म्हणाल्या. त्या रागावल्या असत्या तर बरे वाटले असते. त्यांनी मला चहा दिला.

त्याच दुपारी गावातल्या एका शेतकऱ्याबरोबर पंपाची जळालेली मोटार रिवायंडिंगला टाकायला निजामपुऱ्यात आलो. निजामपुरा म्हणजे भिवंडीतला मागांचा मोहल्ला. दुकानदार म्हणाला, तासभर थांबा. समोरच्या कारखान्यात माग खडखडत होते. त्यातला एक बंद पडला. मालकाने हाक मारताच जॉबर पाना घेऊन आला, पंधरा मिनिटे माग्याच्या पोटात डोके घातले आणि माग पुन्हा चालू. तो माग माझ्या वयापेक्षा मोठा असावा. पण त्याच गल्लीत लेथवाला होता, वेल्डिंगवाला होता, मोटार भरणारा होता, सुटे भाग विकणारा होता. माग चालू राहण्यावर या सगळ्यांची पोटे होती. म्हणून म्हातारा माग चालत होता आणि आमचे दोन वर्षांचे गोबर गॅस बंद पडले होते.

त्या दिवशी उमगले ते असे की, यंत्र अनुदानावर येते खरे, पण ते जगते मिस्त्रीवर. आणि मिस्त्री जगतो गिऱ्हाइकावर.

आपल्या महाराष्ट्रात हे ओळखून काम केलेली माणसे आहेत. पुण्यात १९९६ साली स्थापन झालेल्या ‘आरती’ या संस्थेत डॉ. आनंद कर्वे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उसाच्या पाचटापासून कोळसा करण्याची भट्टी आणि खरकट्यावर चालणारे घरगुती गॅस संयंत्र तयार केले. या दोन कामांसाठी लंडनचे ॲश्डेन पारितोषिक त्यांना २००२ आणि २००६ अशा दोन वेळा मिळाले. पण मला त्यांचे तिसरे काम अधिक मोलाचे वाटते. सुधारित चुलीचा सरकारी कार्यक्रम २००२ साली बंद झाला, तेव्हा या संस्थेने खेड्यापाड्यांतल्या कुंभारांना आणि इतर कारागिरांना चूल घडवून रास्त किमतीत विकण्याचा धंदा शिकवला. फुकटची चूल तडकली की कोपऱ्यात जाते. गावातच विकणारा कारागीर असला की दुसरी मिळते.

दुसरे उदाहरण सौर वाळवणाचे. माटुंग्याच्या रसायन तंत्रज्ञान संस्थेत शिकलेल्या तरुणांनी ‘एस फोर एस’ ही कंपनी काढली. छत्रपती संभाजीनगरकडच्या शेतकरी महिलांना त्यांनी कांदा, टोमॅटो वाळवण्याची यंत्रे दिलीच, शिवाय वाळवलेला माल विकत घेण्याचीही व्यवस्था केली. २०२३ साली या कंपनीला अर्थशॉट हे जागतिक पारितोषिक मिळाले. यंत्राबरोबर बाजारही आला, म्हणून यंत्र चालले.

आता आपल्या दारातले पाहा. ‘मागेल त्याला सौर कृषी पंप’ योजनेत शेतकऱ्याचा वाटा १० टक्के, अनुसूचित जाती-जमातीच्या शेतकऱ्याचा ५ टक्के, आणि पाच वर्षे दुरुस्तीची हमी. योजना चांगली आहे. पण सौर पत्रे २०-२५ वर्षे टिकतात. सहाव्या वर्षी, ऐन भाजीपाल्याला पाणी हवे असताना कंट्रोलर जळाला, तर काय कराल?

यासाठी चार गोष्टी सुचवतो.

एक, गावाने शक्यतो एकाच बनावटीची यंत्रे घ्यावीत. दहा घरी दहा कंपन्यांचे पंप असले तर कोणताही मिस्त्री त्यांचे सुटे भाग जवळ ठेवणार नाही. जवळच्या चार-पाच गावांत मिळून चाळीस-पन्नास यंत्रे सारखी असली, तर एका तरुणाचा प्रपंच त्यावर उभा राहू शकतो.

दोन, यंत्र बसवायला कंपनीचा माणूस येईल तेव्हा गावातल्या आयटीआय झालेल्या मुलाला किंवा मुलीला त्याच्या शेजारी उभे करा. तारा कुठून कुठे जातात, ते त्यांनी वहीत काढून घ्यावे.

तीन, त्या मुलाला दुकान टाकायचे असेल तर जिल्हा उद्योग केंद्रात पाठवा. २०१९ पासून राज्यात मुख्यमंत्री रोजगार निर्मिती कार्यक्रम आहे. त्यात बँकेचे कर्ज आणि अनुदान मिळते. यंदाच्या अटी तिथेच विचाराव्यात. बँकेला कागदापेक्षा गिऱ्हाइक पटते. म्हणून ‘आम्ही याच्याकडून वर्षाची देखभाल करून घेऊ’ असे वीस शेतकऱ्यांनी लिहून द्यावे.

चार, त्याचे पैसे वेळेवर द्या. आपला पोरगा आहे, पुढच्या सुगीला देऊ, असे म्हणत गावातले कितीतरी धंदे आपणच बुडवले आहेत.

पूर्वी खळ्यावर सुताराचे, लोहाराचे बलुते आधी बाजूला निघे आणि मग भात घरात जाई. त्या पद्धतीत उच्चनीच होते, अन्याय होता, ती गेली ते बरेच झाले. पण त्यात एक शहाणपण होते. नांगर मोडल्यावर सुतार शोधायचा नसतो, तो आधीपासून सांभाळायचा असतो, हे गावाला ठाऊक होते. सौर पंपाचा मिस्त्री हा आजचा सुतार आहे. त्याला दाण्याऐवजी रोख द्या, आणि मान द्या.

त्या आजी आता नाहीत. त्यांची फडक्यात बांधलेली शेगडी अजून माझ्या डोळ्यांपुढून जात नाही. येत्या ग्रामसभेत अनुदानाची चर्चा निघेल, तेव्हा उभे राहून एवढेच विचारा, “आणि आपला मिस्त्री कोण?” नाव मिळाले नाही, तर त्याच सभेत एखाद्या मुलाचे किंवा मुलीचे नाव ठरवून घरी जा.

आपला,
विस्तार अधिकारी (कृषी)