हुकूम पायलटचा, जबाबदारी कप्तानाची

विद्यार्थी मित्रहो, 'पायलट' म्हटले की तुमच्या डोळ्यांसमोर विमान उभे राहते. पण विमानाचा जन्म होण्यापूर्वी कित्येक शतके हा शब्द समुद्रावर रुळलेला होता. बंदराच्या तोंडाशी आलेल्या परक्या जहाजावर चढून त्याला सुखरूप धक्क्यापर्यंत नेणारा वाटाड्या, तो मूळचा पायलट. आजही मुंबई बंदरात किंवा समोरच्या जवाहरलाल नेहरू बंदरात येणारी मोठी जहाजे पायलटला बरोबर घेऊनच आत शिरतात. त्याचे काम कसे चालते हे सांगता सांगता मला एका प्रश्नावर माझे मत मांडायचे आहे. पायलट जहाजावर असताना त्या जहाजाचा धनी कोण, पायलट की कप्तान?

हा पेशा आपल्याकडे फार जुना आहे. इसवी सनाच्या पहिल्या शतकात एका अज्ञात ग्रीक व्यापाऱ्याने लिहिलेल्या 'पेरिप्लस' या ग्रंथात भरूच बंदराचे वर्णन आहे. खंबायतच्या आखातातील भरती-ओहोटी इतकी भयंकर की नवखे जहाज तेथे हमखास सापडायचे. म्हणून राजाच्या नोकरीतील स्थानिक कोळी मोठ्या होड्या घेऊन सौराष्ट्राच्या किनाऱ्यापर्यंत पुढे जात आणि येणाऱ्या जहाजांना वाट दाखवत आत आणत. दोन हजार वर्षांपूर्वीची ही पायलट-सेवाच म्हणायची!

आता तुम्ही विचाराल, आज उपग्रह आहेत, रडार आहे, पडद्यावर दिसणारे नकाशे आहेत. मग वाटाड्या कशाला? त्याचे उत्तर तुमच्या भौतिकीच्या पुस्तकात आहे. सुमारे १ लाख टन वस्तुमानाचे जहाज सेकंदाला ४ मीटर, म्हणजे ताशी साडेचौदा किलोमीटर, या वेगाने चालले आहे असे समजा. सायकलवाला सहज गाठेल असा हा वेग. पण गतिज ऊर्जेचे सूत्र लावून पाहा. उत्तर येते ८० कोटी जूल. ताशी ७२ किलोमीटर वेगाने धावणाऱ्या २० टनी ट्रकची ऊर्जा येते ४० लाख जूल. म्हणजे असे २०० ट्रक एकाच वेळी! (गणित स्वतः करून पाहा, माझ्यावर विश्वास ठेवू नका.) एवढी ऊर्जा ब्रेक दाबून जिरवता येत नाही, कारण पाण्यात ब्रेक नसतो. इंजिन उलटे फिरवले तरी जहाज बराच काळ पुढे जातच राहते.

दुसरी गंमत अधिक फसवी आहे. उथळ पाण्यातून जहाज चालू लागले की त्याचा तळ आणि समुद्राचा तळ यांच्यामधल्या अरुंद जागेतून पाणी वेगाने मागे सरकते. बर्नूलीच्या नियमाप्रमाणे तेथे दाब कमी होतो आणि जहाज उभे असताना होते त्यापेक्षा खाली बसते. हे बसणे साधारणपणे वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात असते. वेग निम्मा केला तर ते चौथ्या हिश्श्यावर येते. मुंबईत उधाणाच्या दिवशी भरती आणि ओहोटी यांच्या पातळीत सुमारे ५ मीटरांचा फरक पडतो. तेव्हा कोणत्या घटकेला, कोणत्या वळणावर, किती वेगाने जायचे हे त्या पाण्यात रोज वावरणाराच जाणतो. पाणी आज किती आहे, प्रवाह कोठे ओढतो, वारा सुटला तर लांबलचक जहाज कसे आडवे सरकते, हे ज्ञान नकाशात पूर्णपणे उतरत नाही.

म्हणून पायलट लाँचमधून येतो, चालत्या जहाजाच्या कडेला सोडलेली दोराची शिडी चढतो (नियमाप्रमाणे ही चढण ९ मीटरांपेक्षा अधिक असू नये) आणि कप्तानाशेजारी उभा राहतो. 'डावीकडे दहा अंश', 'इंजिन मंद' असे हुकूम तो देतो. जहाजाचा सुकाणूवाला ते मोठ्याने उच्चारून पाळतो. बघणाऱ्याला वाटावे, हाच कप्तान.

पण कायद्याने तसे नाही. १९०८ च्या भारतीय बंदर कायद्याने ठरावीक बंदरांत २०० टन व त्याहून मोठ्या जहाजांना पायलट किंवा बंदराचा अधिकारी सक्तीचा केला, आणि त्याच कलमात असेही म्हटले की नुकसान झाल्यास मालक वा कप्तान यांची जबाबदारी कमी होत नाही. (त्या कायद्याच्या जागी संसदेने २०२५ मध्ये नवा कायदा संमत केला.) जगातील बहुतेक बंदरांत तत्त्व हेच आहे. पायलट जहाजाची चाल सांभाळतो, पण जहाज कप्तानाच्याच ताब्यात असते. पायलट चुकतो आहे असे दिसले तर कप्तानाने त्याला थांबवलेच पाहिजे. ठळक अपवाद पनामा कालव्याचा. तेथे जहाजाच्या चालीचा ताबाच पायलटकडे जातो, आणि नुकसानीचा काही भार कालव्याच्या प्राधिकरणाकडे.

एका म्यानात दोन तलवारी राहत नाहीत असे आपण म्हणतो. त्यामुळे अनेकांना ही व्यवस्था विचित्र वाटते. सगळा अधिकार पायलटला देऊन टाका, असा सल्लाही दिला जातो. मला हे पटत नाही. पायलटला पाण्याची माहिती असते, जहाजाची नसते. हे इंजिन कालपासून कुरकुरते आहे, हे सुकाणू उशिरा वळते, ही माहिती कप्तानाची. दोन वेगळी ज्ञाने एकत्र आली तरच जहाज धक्क्याला लागते. त्यातल्या एकाचे तोंड बंद केले की काय होते ते पाहा.

७ नोव्हेंबर २००७ रोजी अमेरिकेत सॅन फ्रान्सिस्कोच्या उपसागरात दाट धुके होते. 'कॉस्को बुसान' हे मालवाहू जहाज अनुभवी पायलटच्या मार्गदर्शनाखाली ओकलंडच्या धक्क्यावरून निघाले आणि बे ब्रिज या पुलाच्या खांबाच्या संरक्षक कठड्याला घासले. जहाजाची कूस फाटली, सुमारे २ लाख लिटर इंधनतेल पाण्यात गेले आणि हजारो पक्षी मेले. चौकशीत तीन कारणे पुढे आली. पायलट घेत असलेल्या औषधांमुळे त्याची विचारशक्ती मंदावली होती. निघण्यापूर्वी पायलट व कप्तान यांनी एकमेकांना योजना नीट सांगितली नव्हती. आणि कप्तानाने पायलटवर पुरेशी नजर ठेवली नव्हती. पडद्यावरील नकाशातील खुणांचा अर्थ पायलटने कप्तानाला विचारला होता, पण त्यातूनही दोघांचा नीट उलगडा झाला नाही. पायलटला १० महिन्यांची कैद झाली, जहाज चालवणाऱ्या कंपनीला दंड झाला. माझ्या मते यातील सर्वांत स्वस्तात टाळता येण्याजोगी चूक दुसरी होती. जहाज धक्क्यालाच बांधलेले होते. बोलायला वेळ हवा तेवढा होता.

पायलटच्या ज्ञानालाही मर्यादा आहेत, हे २६ मार्च २०२४ च्या पहाटे बाल्टिमोरला दिसले. 'डाली' हे सुमारे ३०० मीटर लांबीचे जहाज बंदरातून बाहेर पडत होते. त्यावरील बहुतेक खलाशी भारतीय होते. अचानक वीज गेली, आली, पुन्हा गेली. पायलटने सुकाणू वळवायला सांगितले, नांगर टाकायला लावला, टगबोटी मागितल्या आणि पुलावरची वाहतूक थांबवण्याचा निरोप दिला. पहिल्यांदा वीज गेल्यापासून सुमारे चार मिनिटांत जहाज पुलाच्या खांबावर आदळले. पुलावर काम करणारे सहा मजूर मरण पावले. ते थांबवणे पायलटच्या हाती उरले नव्हते, पण वाहतूक वेळेवर थांबल्यामुळे आणखी मोटारी नदीत पडल्या नाहीत.

शिक्षक वाचकांना एक विचारतो. फळ्यावर तुमच्याकडून चिन्ह चुकले तर वर्गातला कोणी बोट वर करतो का? जहाजावरही तसेच घडते. पायलट वयाने मोठा, अनुभवी, स्थानिक; कप्तान परदेशी, भाषा तोडकी. मग मान राखण्याच्या नादात तो गप्प बसतो. आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेने २००३ मध्येच शिफारस केली आहे की काम सुरू होताना दोघांनी मार्ग, वेग, प्रवाह आणि जहाजाचे दोष यांची देवाणघेवाण करावी. पुष्कळ वेळा ती छापील कागदावर सही करण्यापुरती उरते. बंदरवाले म्हणतात, भरती थांबत नाही. खरे आहे. पण पुढची भरती साडेबारा तासांनी येतेच, आणि तोवर जहाजाला बाहेर नांगर टाकून उभे राहता येते.