पहिली सहा वर्षे कोणाची?

शाहू छत्रपतींनी १९१७ साली करवीर संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचे व मोफत केले. मूल शाळेत न धाडणाऱ्या पालकास दरमहा एक रुपया दंड ठेविला. परंतु २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याचाही आरंभ सहाव्या वर्षीच होतो. त्याहून लहान बालकासाठी संविधानाचा ४५ वा अनुच्छेद राज्यास केवळ प्रयत्न करावयास सांगतो. हक्क देत नाही. बुद्धीचा व भाषेचा पाया तर ह्याच वयात पडतो! हे ओळखूनच ताराबाई मोडकांनी १९४५ साली बोर्डीस बालशिक्षणाचे कार्य आरंभिले. आमच्या व्यापारी बंधूंस आमची विनंती इतकीच की, आपल्या पेठेतील अंगणवाडीस एक हवेशीर खोली द्यावी, आणि घरी तान्ह्याशी रोज घटकाभर बोलावे. मुद्दलच बुडाले, तर व्याज कोठून येणार?