महासभेचे दार उघडे आहे, आपण आत जाणार का?

वसई-विरार शहर महानगरपालिकेस अखेर लोकनियुक्त सभागृह लाभले आहे. १५ जानेवारी २०२६ रोजी राज्यातील २९ महानगरपालिकांसाठी मतदान झाले आणि त्यात आपल्या महापालिकेचे ११५ नगरसेवकही निवडले गेले. मागील सभागृहाची मुदत जून २०२० मध्ये संपली होती. म्हणजे सुमारे साडेपाच वर्षे, २०११ च्या जनगणनेप्रमाणेच १२ लाखांहून अधिक लोकवस्ती असलेल्या या शहराचा कारभार प्रशासकांच्या हाती होता. मुंबईतही मार्च २०२२ पासून हीच स्थिती होती. नगरपालिकेची मुदत संपण्यापूर्वी निवडणूक व्हावी, असे संविधानाचा अनुच्छेद २४३-यू सांगतो. प्रभागरचना आणि आरक्षण यांच्या वादांत ही अट मागे पडली आणि सर्वोच्च न्यायालयाला मे २०२५ मध्ये आदेश द्यावा लागला.

या काळात आपण नेमके काय गमावले, याचा विचार करणे आम्हांस अगत्याचे वाटते. गटार तुंबले तर सांगायला नगरसेवक नाही, ही गैरसोय सर्वांनाच जाणवली. दुसरी हानी मात्र फारशी कोणाच्या ध्यानात आली नाही. महानगरपालिकांच्या १९४९ च्या अधिनियमाप्रमाणे महासभेची प्रत्येक बैठक जनतेस खुली असते. एखाद्या विषयाची चर्चा बंद दाराआड करायची असल्यास उपस्थित सदस्यांच्या बहुमताने तसा निर्णय घ्यावा लागतो. बैठकीची सूचना आगाऊ द्यावी लागते आणि कामकाजाचे इतिवृत्त ठेवावे लागते. प्रशासकाच्या काळात महासभा आणि स्थायी समिती या दोहोंचे अधिकार एकाच अधिकाऱ्याकडे एकवटतात. प्रशासन प्रस्ताव तयार करते आणि प्रशासनाचाच प्रमुख त्यास मंजुरी देतो. विरोधाचे भाषण होत नाही, प्रश्न विचारला जात नाही. अंदाजपत्रकदेखील स्वाक्षरीने संमत होते. प्रशासक कितीही सचोटीचा असला तरी त्याने एखादा निर्णय का घेतला, हे ऐकण्याची जागा नागरिकाजवळ उरत नाही.

आता सभागृह परत आले आहे. परंतु दार उघडे असणे आणि कारभार पारदर्शक असणे यांत अंतर आहे, हे आपण वसईकर अनुभवाने जाणतो. ३ जुलै २००९ रोजी चार नगरपरिषदा आणि ५३ गावे एकत्र करून ही महापालिका स्थापन झाली. तेव्हा अनेक गावांनी विरोध केला. त्या विरोधामागे हिरव्या पट्ट्याची आणि वाढत्या करांची काळजी होती, तशीच ग्रामसभेची ओढही होती. ग्रामसभेत साधा शेतकरीही उभा राहून सरपंचाला हिशेब विचारू शकतो. महासभेत नागरिकाला प्रेक्षक म्हणून बसता येते, बोलता मात्र येत नाही. महापालिकेत आल्याने आपल्याला नळ व रस्ते किती मिळाले, याची चर्चा होते. बोलण्याचा हक्क गेला, त्याची नोंद कोणत्याच ताळेबंदात नाही.

ही उणीव भरून काढण्याचे प्रयत्न कायद्याने केले आहेत. ७४ व्या घटनादुरुस्तीने तीन लाख व त्याहून अधिक लोकसंख्येच्या शहरांत प्रभाग समित्या आवश्यक ठरवल्या. पुढे महाराष्ट्राच्या कायद्यात क्षेत्रसभेची तरतूदही आली. ग्रामसभेप्रमाणे मतदारांनी आपल्या भागाचे प्रश्न एकत्र बसून मांडावेत, ही त्यामागील कल्पना होती. आपल्या प्रभागात क्षेत्रसभा भरल्याचे आपल्यापैकी किती जणांना आठवते?

उघडे दारही निरुपयोगी करता येते. महत्त्वाचा प्रस्ताव ‘आयत्या वेळचा विषय’ म्हणून शेवटी आणला, तर नगरसेवकांनाही तो वाचायला अवधी मिळत नाही. ही सोय खऱ्या तातडीसाठी आहे. गोंधळात एकामागून एक विषय ‘मंजूर, मंजूर’ म्हणत उरकले, तर गॅलरीत बसलेल्यास काहीच कळत नाही. शिवाय खुलेपणाचा उपरोक्त नियम महासभेसाठी सांगितलेला आहे. कंत्राटांचे मोठे निर्णय होतात ते सोळा सदस्यांच्या स्थायी समितीत.

कागद लोकांपुढे न आल्यास काय होते, हे नालासोपारा पूर्वेने पाहिले. तेथे सांडपाणी प्रक्रिया केंद्र आणि कचराभूमी यांसाठी राखून ठेवलेल्या जमिनीवर ४१ अनधिकृत इमारती उभ्या राहिल्या. उच्च न्यायालयाच्या २०२४ मधील आदेशानुसार त्या पाडण्यात आल्या आणि हजारो माणसे बेघर झाली. आयुष्याची पुंजी घालून घर घेणाऱ्याला त्या भूखंडावरील आरक्षण ठाऊक नव्हते, आणि ज्यांना ठाऊक असायला हवे होते ते वेळीच बोलले नाहीत. केवळ खुल्या बैठकांनी हे टळले असते, असा दावा आम्ही करणार नाही. विकास आराखडा प्रत्येक वस्तीत फलकावर लावलेला असता, तर निदान काही कुटुंबे तरी सावध झाली असती.

खुलेपणाने कामास विलंब होतो, असे प्रशासन म्हणते. त्यात तथ्यांश आहे. न्यायालयीन दावे किंवा एखाद्या कर्मचाऱ्याची चौकशी यांविषयी काही काळ गुप्तता राखणे योग्यही असेल. परंतु रस्ते, पाणी, कचरा, घरपट्टी आणि जमिनींची आरक्षणे यांत गुप्त ठेवण्यासारखे काय आहे?

माहितीच्या अधिकाराचा २००५ चा कायदा येथे आपल्या हाती एक साधन देतो. त्याच्या कलम ४ नुसार प्रत्येक सार्वजनिक प्राधिकरणाने आपल्या समित्यांची यादी, त्यांच्या बैठका लोकांना खुल्या आहेत की नाहीत आणि इतिवृत्ते पाहता येतात की नाहीत, हे स्वतःहून जाहीर करायचे आहे. त्यासाठी कोणी अर्ज करण्याचीही आवश्यकता नाही. हे जाहीर झालेले नसल्यास दहा रुपये शुल्क भरून अर्ज करावा. सर्वसाधारणपणे ३० दिवसांत उत्तर देणे बंधनकारक आहे.

आपल्या वाचकांना आमची विनंती साधी आहे. प्रत्येक गावातून दोघा-तिघांनी पाळीपाळीने महासभेला जाऊन बसावे. कार्यक्रमपत्रिका आधी मागून घ्यावी. आपल्या नगरसेवकाने कोणत्या ठरावास पाठिंबा दिला, कोणत्या वेळी तो गप्प राहिला, हे टिपून गावात येऊन सांगावे. निवृत्त शिक्षक आणि बँक कर्मचारी आपल्यात पुष्कळ आहेत. हे काम त्यांना सहज जमेल. नगरसेवकांनीही दर तीन महिन्यांनी आपल्या प्रभागात सभा घेऊन हिशेब द्यावा. त्यासाठी त्यांना कोणत्याही शासननिर्णयाची वाट पाहावी लागत नाही.

साडेपाच वर्षे ते दार बंद असल्याची तक्रार आपण रास्तपणे केली. यापुढे गॅलरीतील बाके रिकामी राहिली, तर त्या तक्रारीला अर्थ उरणार नाही.